हेल्थ रिसर्चची समर इंटर्नशिप हवीय, पण मेलला कोणी उत्तरच देत नाही

पत्र (थोडं छोटं करून): मी बीड जिल्ह्यातली, बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, दुसरं वर्ष. नीट दोनदा दिली, नंबर लागला नाही. आता हेल्थ रिसर्चमध्येच जायचंय आणि येत्या उन्हाळ्यात पुण्यात किंवा मुंबईत इंटर्नशिप करायचीय. खूप सायंटिस्टना मेल केले, एकाचंही उत्तर आलं नाही. माझा मेल सोबत जोडलाय. एक मैत्रीण म्हणते आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस, म्हणजे शॉर्ट टर्म स्टुडंटशिप भर. पुण्यातला एक ट्रेनिंगवाला पंधरा हजारात सर्टिफिकेटसकट इंटर्नशिप देतो म्हणतोय, पप्पा विचारतायत भरू का पैसे. आमच्या घरी यातलं कोणालाच काही कळत नाही, आई आशा वर्कर आहे, तिची रजिस्टरं मीच भरून देते, बस तेवढंच. नाव छापू नका प्लीज.

उत्तर:

नाव नाही छापत, काळजी नको. आधी पप्पांना सांग की पैसे भरू नका. पैसे घेतले म्हणजे लगेच फसवणूक असं मी म्हणत नाही हं, काही सरकारी संस्थासुद्धा ट्रेनिंगसाठी किंवा डिझर्टेशनसाठी फी घेतात, पण ती त्यांच्या वेबसाईटवर लिहिलेली असते, संस्थेच्या खात्यात जाते आणि पावती मिळते. तुझ्या या ट्रेनिंगवाल्याला एकच विचार, मी कोणत्या सायंटिस्टच्या कोणत्या चालू प्रोजेक्टवर काम करणार? नाव नाही सांगता आलं तर तो इंटर्नशिप देतच नाहीये, एका खोलीत चारपाच जणांना पीसीआर मशीन दाखवून सर्टिफिकेट विकतोय, आणि पुढे एमएस्सीच्या किंवा पीएचडीच्या इंटरव्ह्यूला समोरच्या माणसाने त्यावर दोन प्रश्न विचारले की सगळं उघडं पडतं.

एसटीएसचं मैत्रिणीने अर्धवट ऐकलंय. ती आयसीएमआरची स्कीम 1979 पासून चालू आहे, चांगली आहे, पण एमबीबीएस आणि बीडीएसच्या पोरांसाठी. त्यात आपल्याच कॉलेजातला गाइड घेऊन दोन महिन्यांचा छोटा प्रोजेक्ट करायचा असतो आणि रिपोर्ट पास झाला की मगच स्टायपेंड आणि सर्टिफिकेट. अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात कोणी एमबीबीएस करणारं ओळखीचं असेल तर त्याला कळव, तुझ्या कामाची नाही.

तुझ्यासाठी मोठा दरवाजा म्हणजे तीन सायन्स अकॅडम्यांची मिळून जी समर रिसर्च फेलोशिप असते ती. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा (इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी) आणि प्रयागराजची नासी (नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस, इंडिया). दोन महिने, स्टायपेंड मिळतो, अर्ज साधारण हिवाळ्यात मागवतात, म्हणजे उन्हाळ्याच्या कितीतरी आधी! पोरं मार्च-एप्रिलमध्ये जागी होतात तोवर हे सगळं संपलेलं असतं. त्या वर्षीचे पात्रतेचे नियम स्वतः वाच, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर जाऊ नको. फॉर्ममध्ये मार्कांसोबत तुला काय करायचंय ते थोडक्यात लिहायचं असतं आणि एका सरांचं किंवा मॅडमचं शिफारसपत्र लागतं, आणि खरी गाडी अडते ती इथेच.

आता तुझा मेल. रागावू नको पण मी असते तर मीही उत्तर दिलं नसतं. सुरुवातच रिस्पेक्टेड सर स्लॅश मॅडम. पुढे लहानपणापासून रिसर्चची आवड, मग कोणत्याही टॉपिकवर काम करायला तयार, आणि शेवटी निपाह व्हायरसवर लस शोधायची इच्छा. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की हाच मेल अजून शंभर जणांना गेलाय. आणि निपाहसारख्या व्हायरसवरचं काम एनआयव्हीच्या (पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था) पाषाणच्या बीएसएल-4, म्हणजे सगळ्यात कडक सुरक्षेच्या लॅबमध्ये चालतं, तिथे दोन महिन्यांसाठी आलेल्या सेकंड इयरच्या पोरीला कोण आत सोडणार गं. समर स्टुडंटच्या वाट्याला येतं ते चालू प्रोजेक्टमधलं बारकं काम, जेल रन करणं (डीएनएचे तुकडे वेगळे करून बघणं), एलायझा प्लेट (अँटीबॉडी वगैरे तपासायची चाचणी), एक्सेलमधला डेटा साफ करणं, वीसेक पेपर वाचून तक्ता बनवणं. हे कमी नाही, यातूनच शिकतात, पण मेलमध्ये तेवढंच माग, म्हणजे देणाऱ्यालाही द्यायला सोपं जातं.

आणि मेलमध्ये आईचं एक अक्षर नाही. मला लिहिलेल्या पत्रातसुद्धा अगदी शेवटी आणि तेही "बस तेवढंच" म्हणून. अगं तुझ्याकडे जे आहे ते पुण्यातल्या भल्याभल्या कॉलेजच्या पोरींकडे नाही. आई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते ना, बाळाचं वजन, ताप, अंगावर पितंय की नाही बघायला? ते आलं कुठून माहितीये का. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, आणि बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. पुढे तेच देशभर आशांच्या कामात गेलं. म्हणजे एका मोठ्या रिसर्चचं शेवटचं टोक तुमच्या घरात बसून रजिस्टर भरतंय आणि तू म्हणतेस घरी यातलं कोणालाच काही कळत नाही!

यातून खरे प्रश्न निघतात. कोणती भेट चुकते आणि का? ऊसतोडीला गेलेल्या बाईचं बाळंतपण कारखान्याच्या फडावर झालं तर बेचाळीस दिवसांच्या भेटी कोण घेतं? रजिस्टरमधलं वजन आणि खरं वजन यात फरक का पडतो? हे आईला विचार, तीन-चार संध्याकाळी नुसतं ऐक आणि लिहून ठेव. फक्त एक नीट लक्षात घे, रजिस्टरचे फोटो काढायचे नाहीत, बायकांची नावं, आकडे कुठे वापरायचे नाहीत. ती लोकांची खाजगी माहिती आहे, एथिक्स कमिटीच्या (रिसर्चमध्ये लोकांच्या हक्कांना धक्का लागत नाही ना हे बघणारी समिती) परवानगीशिवाय तिला हात लावायचा नसतो, आणि हे तुला आधीच माहीत आहे असं मेलमधून दिसलं ना तर समोरचा माणूस सरळ होऊन बसतो.

आकडेच हवे असतील तर एनएफएचएस-5 ची (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, पाचवी फेरी) बीड जिल्ह्याची फॅक्टशीट फुकट डाउनलोड होते, मुंबईच्या देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेने केलेला 2019-21 चा सर्व्हे. अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचा बीडचा आकडा चाळीस टक्क्यांच्या वर आहे, तो बघ, शेजारच्या दोन जिल्ह्यांशी ताडून बघ, एक पान लिही. कोणी सांगितलं नसताना केलेलं असं एक पान मेलला जोडलंस तर त्या पंधरा हजाराच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त चालेल.

मायक्रो आहे म्हणजे लॅबच पाहिजे असं डोक्यात असेल तर तेही ठीक, मुंबईत परळला एनआयआरआरसीएच (प्रजनन आणि बालआरोग्य) आहे, केईएम हॉस्पिटलच्या आवारात एनआयआयएच (रक्ताचे आजार) आहे, खारघरला ॲक्ट्रेक (कॅन्सर), पुण्यात एनसीसीएस (पेशींवरचं संशोधन) आणि आघारकर संशोधन संस्था. पण पुण्याच्या केईएम रिसर्च सेंटरचं जवळच्या वढू गावातलं काम पण बघून ठेव, तिथे गावांमधून आरोग्याची माहिती वर्षानुवर्षं गोळा होते, आणि माझं मत विचारशील तर तुझा जीव तिकडे जास्त रमेल.

मेल इंग्रजीतच लिही, साध्या. पाच-सहा जणांनाच, प्रत्येकाचा निदान एक पेपर पबमेडवर (वैद्यकीय पेपर शोधायची फुकट वेबसाईट) वाचून, निदान ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे सुरुवातीचा सारांश तरी. सब्जेक्टमध्ये कोण, कुठली, कोणते दोन महिने. पहिल्या दोन ओळीत आईचं काम आणि त्यातून पडलेला एक प्रश्न, मग त्यांच्या पेपरमधलं काय त्याला जोडलं जातं ते, मग तुला येणारी कामं खरी खरी (ग्राम स्टेनिंग येतं तर येतं लिही, पीसीआर फक्त पुस्तकात बघितलं असेल तर तसं लिही), मग राहायची सोय स्वतः करेन की नाही ते. पुण्या-मुंबईत पीजी आणि मेस धरून दोन महिन्यांचे वीसेक हजार सहज जातात, पप्पांचे पंधरा हजार त्यासाठी ठेवा. नीटचं रडगाणं नको. सोबत एक पानी सीव्ही, पीडीएफ. दहा-बारा दिवसांनी एक आठवण, त्यानंतर गप्प बसायचं.

लॅबमध्ये रक्ताचे नमुने हाताळायचे असतील तर हिपॅटायटिस बी ची लस झालीये का हे बऱ्याच ठिकाणी विचारतात. तिचे तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्याने, मग सहाव्या महिन्यात, म्हणजे सप्टेंबरमध्ये सुरू केलंस तर मार्चमध्ये संपेल, एप्रिलमध्ये सुचलं तर उपयोग नाही. लहानपणी झाली असेल तर आईला कार्ड शोधायला लाव. आणि शिफारसपत्रासाठी कॉलेजच्या मॅडमना दिवाळीच्या सुट्टीआधीच गाठ, जाताना तुझं ते एक पान आणि मार्कलिस्ट घेऊन जा, नाहीतर त्या बिचाऱ्या "ही विद्यार्थिनी हुशार व मनमिळाऊ आहे" एवढंच लिहून देतील.