आधी ती कडी काढा

प्रिय ताई,
माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. सात महिन्यांपूर्वी तिला टाइप वन मधुमेह असल्याचं कळलं. दिवसाला चार इंजेक्शनं, सहा-सात वेळा शुगर तपासणं, प्रत्येक घासाचा हिशोब, शिवाय रात्री दोनचा गजर. सगळं मी एकटी करते. नवऱ्याचा हात थरथरतो, म्हणून तो सुई धरत नाही. सासूबाई म्हणतात, गोड खाऊ घालून मीच ही वेळ आणली. जाऊबाईंना तर नसत्या चौकश्या फार. मागे त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा नेहमीप्रमाणे बाथरूमची कडी लावून लेकीला इन्सुलिन देत होते, तर जाऊबाईंनी दार वाजवलं. 'काय चाललंय? मी काही करू का?' मी आतूनच 'काही नाही' म्हटलं. आमचं दुःख कुणाला कळतच नाही. दवाखान्यात सांगितलं की अशा मुलांच्या पालकांचा एक गट दर महिन्याला भेटतो. पण माझंच मला जड झालंय, दुसऱ्यांची रडगाणी ऐकून काय होणार? हल्ली मुलगीही चिडचिडी झाली आहे, घरातसुद्धा आत जाऊन दार लावून घेते. जावं का मी त्या गटात?
– एकटी पडलेली आई

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा जीव कळवळला. दुसऱ्यांदा वाचताना 'कडी'पाशी अडकले आणि मग पुढे सरकेचना. त्याच्या आधीचा शब्द तर आणखी वाईट: 'नेहमीप्रमाणे'. तुम्ही किती सहज लिहून गेलात!

सासूबाईंचं आधी उरकून टाकते. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्यांचा नाश करते. गोड खाण्याशी त्याचा संबंध नाही, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. हे तुम्हालाही ठाऊक आहे. नवऱ्याचा हात थरथरतो म्हणता, पण थरथरत्या हातानेसुद्धा मीटरमध्ये पट्टी घालता येते आणि दोनचा गजर बंद करून उठता येतं. त्यांच्याबद्दल सध्या एवढंच, कारण मला परत त्या बाथरूममध्ये जायचं आहे.

तिथे तुमच्या लेकीच्या उंचीवरून बघा. बाहेर सगळे गप्पा मारताहेत. आई हाताला धरून आत नेते, कडी लावते, हळू आवाजात म्हणते, 'चल, लवकर, फ्रॉक वर कर.' इन्सुलिनच्या पेनची सुई टोचते. आता सुई तशीच ठेवून दहापर्यंत मोजायचं, म्हणजे औषध पूर्ण आत जातं. बहुधा दोघी मनातल्या मनात मोजता. तेवढ्यात दारावर टकटक. आई दचकते. आई दचकलेली पोटावर धरलेल्या पेनला कळतं, मग पोराला कळत नसेल? आणि बाहेरून विचारलेल्या प्रश्नाला आई उत्तर देते, 'काही नाही.'

ती शिकली हो. तुम्ही रागावून कधी शिकवलं नसेल, पण सात महिने पुन्हा पुन्हा धडा गिरवला की मूल शिकतंच. माझ्या अंगात जे आहे ते दार लावून करायचं असतं आणि कुणी विचारलं तर ते 'काही नाही' असतं. आता ती घरातही दार लावते आणि तुम्ही तिला चिडचिडी म्हणता. (चिडचीड शुगर कमी-जास्त झाल्यानेही होते, तेव्हा तो आकडा बघत जा. पण आकडा ठीक असूनही दार बंदच असेल, तर कारण मीटरमध्ये सापडणार नाही.)

तुम्हाला घाबरवायचं नाही, पण हे सांगितलंच पाहिजे. शुगर ७०च्या खाली गेली की हात कापतात, घाम येतो. ५४च्याही खाली गेली की मूल गोंधळतं, काहीबाही बोलतं, बेशुद्धही पडू शकतं. तेव्हा दार आतून बंद असेल तर? आजच्या आज तिच्या खोलीची आणि बाथरूमची आतली कडी काढून टाका. दार लोटून घेऊ दे, तिचा तेवढा हक्क आहे. आणखी चार वर्षांनी काय होईल तेही बघा. मैत्रिणींबरोबर बाहेर जाईल, खायची वेळ होईल आणि आडोसा मिळणार नाही. मग ती इंजेक्शन चुकवेल. एकदा चुकवून काही झालं नाही की परत चुकवेल. इन्सुलिन नाही मिळालं की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात, उलट्या सुरू होतात आणि मामला थेट अतिदक्षता विभागात जातो. अशी मुलं बेशिस्त असतात असं मला वाटत नाही. त्यातल्या कितीतरी जणांना नुसतं कुणासमोर टोचून घ्यायचं नसतं.

आता जाऊबाई. तुमच्या अख्ख्या पत्रात एकच माणूस असा आहे ज्याने 'मी काही करू का' असं विचारलं, आणि त्याला तुम्ही तक्रारींच्या यादीत घातलंत! मला राग आला तुमचा, खोटं कशाला बोलू. कुणाला कळत नाही म्हणता. कळणार कसं? ज्या बाईला दाराबाहेर उभं केलंत, तिला आत काय चाललंय हे कोण सांगणार? त्यांचा स्वभाव चौकस असेलही. मला तर तुमच्या घरासाठी चौकस माणूसच हवं आहे. गप्प, समजूतदार माणसं दार वाजवत नाहीत.

त्यांना शिकवायचं तरी किती? पोरगी पांढरीफटक पडली, घामेजली, विचित्र वागायला लागली तर बोट टोचून शुगर बघायची. ७०च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी परत बघायची, अजून कमीच असेल तर परत द्यायची. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखाना. डॉक्टरांनी ग्लुकागॉन (शुगर झटकन वाढवणारं औषध) दिलं असेल तर ते कसं द्यायचं, हेही दाखवायचं. अर्ध्या तासाचं काम. एवढं त्यांना आलं की तुमची लेक सुट्टीत काकूकडे एक रात्र राहू शकते आणि तुम्ही त्या रात्री झोपू शकता. सात महिन्यांत पहिल्यांदा.

एक जुनी गोष्ट मला राहून राहून आठवते. १९२२ साली कॅनडातल्या टोरांटोत इन्सुलिन नुकतंच हाती आलं होतं. त्या उन्हाळ्यात, इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या डॉक्टर बँटिंगकडे ज्या मुलांवर उपचार झाले, त्यांत अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी होती, एलिझाबेथ ह्यूज. पंधरा वर्षांची आणि वजन जेमतेम वीस किलो. ती वाचली, संसार केला, १९८१पर्यंत जगली. पण आपल्याला मधुमेह आहे हे तिने आयुष्यभर लपवलं, अगदी जवळच्या थोड्या माणसांनाच ते ठाऊक होतं. त्याच उन्हाळ्यात पाच वर्षांचा टेडी रायडरही तिथे होता. पुढे त्याने बँटिंगना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं: मी आता गुबगुबीत झालोय, मला छान वाटतंय, मला झाडावर चढता येतं. तोही सत्तरच्या पुढे जगला. म्हणजे लपवूनही जगता येतं, मी नाही म्हणणार नाही. पण जवळजवळ साठ वर्षं रोज सुई टोचायची आणि प्रत्येक वेळी कुणी बघत तर नाही ना हे पाहायचं, म्हणजे किती मेहनत!

तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही रडगाण्यांना भिता. अशा एका मेळाव्याला मी गेले होते. रडणारं एखाद-दुसरं कुणीतरी होतं, असतंच. पण माझ्या लक्षात राहिलं ते निराळंच. जेवणाआधी पाच-सहा वर्षांच्या एका मुलाने सगळ्यांदेखत शर्ट वर केला, तशी शेजारची दहा-अकराची मुलगी मान वर न करता म्हणाली, 'तिथं नको रे, सकाळी तिथंच घेतलंस. गाठ होते.' त्याने मुकाट्याने दुसरी बाजू पुढे केली. मग तिने स्वतःचा आकडा मोठ्याने वाचला, कुणीतरी 'माझा तुझ्यापेक्षा भारी' म्हणालं आणि सगळी पोरं फिस्सकन हसली. दहापर्यंतचे आकडे एक जण मोठ्याने मोजत होता, बाकीचे त्याला मुद्दाम चुकवत होते. कुणाच्याही आईचा आवाज खाली नव्हता.

हे तुम्ही तुमच्या लेकीला देऊ शकत नाही. तुम्ही कितीही चांगल्या आई असलात तरी तुम्हाला मधुमेह नाही. तिला तिच्यासारखं पोर बघायला हवं.

तेव्हा गटात जा. पण एकटीने जाऊ नका. लेकीला न्या आणि जाऊबाईंना न्या. हो, त्यांनाच. त्या तिथे शंभर प्रश्न विचारतील, विचारू देत. तिथल्या आया उत्तरं द्यायला बसलेल्याच असतात, तुम्हाला एकाचंही द्यावं लागणार नाही. आणि त्या दिवशीचं इन्सुलिन बसल्या जागी द्या. लेक आडोसा शोधायला लागली तर तिला ओढू नका, ओरडू नका. तिला थोडा वेळ इतरांकडे बघत बसू द्या.

जाऊबाईंना फोन कसा करू, असा पुढचा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. आज संध्याकाळी करा आणि सुरुवात अशी करा: 'त्या दिवशी तुम्ही दार वाजवलंत ना, तेव्हा मी खोटं बोलले.' मग थोडं थांबा. पुढचं त्या विचारतील.