बालीत एक दिवस किनारा सोडून आतला ग्रामीण भाग पाहायचा असेल तर कुठे जावे?

थेट तबानान जिल्ह्यातल्या जतिलुविह गावाला जा. बातुकारू डोंगराच्या उतारावर भातखाचरं पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातात, मधून पायवाटा आहेत. तेगलालांगच्या गर्दीच्या भातखाचरांपेक्षा मला हीच जागा कितीतरी आवडते. चालताना पाटांकडे नक्की बघा. पाणी कुणाला, कधी, किती हे 'सुबक' ही शेतकऱ्यांची संघटना ठरवते आणि तिची नाळ जलमंदिरांशी जोडलेली आहे. ही शेकडो वर्षांची व्यवस्था २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. जेवायला तिथलाच लाल भात घ्या.

सकाळी लवकर निघा, दुपारी डोंगरावर ढग उतरतात. वेळ उरला तर बेडुगुलला ब्रातान सरोवरकाठचं उलुन दानू मंदिर पाहता येईल. बसच्या भरवशावर राहू नका, दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवा.