रूममेट म्हणतो, पायथन आहे

प्रश्न : दादा, नमस्कार. नाव छापू नका प्लीज. हिंजवडीला थ्री बीएचकेत आम्ही चौघं राहतो, सगळे आयटीवाले. आमच्यातल्या एकाने दिवाळीआधी इन्स्टावरच्या कुणाकडून तरी निळा साप विकत घेतला, म्हणाला ट्री पायथन आहे, बिनविषारी, काही करत नाही. प्लास्टिकच्या डब्यात त्याच्याच रूममध्ये असायचा म्हणून आम्हीही दुर्लक्ष केलं. मग एका शनिवारी डब्याचं झाकण उघडं राहिलं आणि साप गायब. पठ्ठ्याने आम्हाला दोन दिवस सांगितलंच नाही! सोमवारी रात्री मी विचारलं की तू सारखा टॉर्च घेऊन का फिरतोयस, तेव्हा कुठे बोलला. बेडखाली, सोफ्याखाली, बुटांच्या रॅकमध्ये, सगळीकडे शोधलं, झोपेचं खोबरं झालं. बुधवारी पहाटे बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या स्टँडवर सापडला, माझ्या जीन्सला वेटोळं घालून. काठीने उचलून परत डब्यात टाकलाय आणि झाकणावर वीट ठेवलीय. बाकी तिघांचं म्हणणं की विषय संपला, ओनरला कळलं तर डिपॉझिट जाईल, सोसायटीवाले बाहेर काढतील. मी सांगावं का? फोटो पाठवतोय, खरंच पायथन आहे का?

उत्तर : नाही रे बाबा. फोटो बघूनच पोटात गोळा आला माझ्या. पत्र छापून येईपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं, म्हणून त्याच दिवशी तुला फोन केला, पुढचं तुला माहीतच आहे, वनविभागाची माणसं आली आणि डबा घेऊन गेली, विटेसकट. पण असे डबे अजून किती फ्लॅटमध्ये असतील कोण जाणे, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमच्याकडे होता तो चापडा. आपल्या सह्याद्रीत हिरवा चापडा असतो ना, बांबूत नाहीतर झुडपात बसलेला, त्याचाच इंडोनेशियातला चुलतभाऊ. तिकडे कोमोडो आणि आजूबाजूच्या बेटांवर हे निळे सापडतात, आणि रंग असा की कुणीही प्रेमात पडेल, तिथेच सगळा घोटाळा होतो. ट्री पायथनही कधी कधी निळसर असतो, तोही असाच फांदीवर वेटोळं करून बसतो. फरक तोंडाजवळ बघायचा. दोघांनाही अंगाची ऊब ओळखणारे खळगे असतात, पण पायथनचे ओठांवर ओळीने असतात आणि चापड्याला डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एकच मोठा. तुझ्या फोटोत तो एक खळगा इतका स्वच्छ दिसतोय की वाद घालायला जागाच नाही. (फोटो झूम करून ओळखता येतंय म्हणून कुणी साप जवळ जाऊन निरखायला जाऊ नका, प्लीज.)

आता विषाबद्दल. चापडा चावल्यावर माणूस मरतोच असं नाही, मरण क्वचितच येतं, पण हात सुजून भोपळा होतो, रक्त गोठायचं थांबतं, बोटं काळी पडू शकतात. आणि खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, भीती अशी की आपल्याकडच्या दवाखान्यात जे अँटीव्हेनम मिळतं ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनवलेलं. परदेशी चापड्यावर त्याचा भरवसा नाही, आपल्याच चापड्यावरही नीट नाही. हिरव्या चापड्यांसाठीचं औषध थायलंडमध्ये बनतं. म्हणजे तू पहाटे जीन्स ओढली असतीस आणि तो चावला असता, तर डॉक्टरांनी विचारलं असतं कुठला साप, तू म्हणाला असतास पायथन, आणि तिथेच अर्धा दिवस वाया.

माझा राग साप पळाला यावर नाहीये. साप पळतातच, झाकणाला जरा फट दिसली की निघाले. राग त्या दोन दिवसांवर आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या राली शहरात 2021 च्या जूनअखेरीस एका घराच्या पोर्चवर झेब्रा कोब्रा दिसला, विष थुंकणारा. मालक एकवीस वर्षांचा पोरगा, घरात डझनावारी विषारी साप. नंतर आरोपपत्रात आलं की तो साप नोव्हेंबर 2020 पासूनच गायब होता आणि याने कुणाला सांगितलंच नव्हतं. शेजारी तेवढे महिने निवांत अंगणात बसत होते! त्याच पोराला त्या मार्चमध्ये त्याचाच ग्रीन मांबा चावला होता आणि औषध शेजारच्या राज्यातल्या प्राणिसंग्रहालयातून आणावं लागलं होतं.

जर्मनीतल्या हेर्नमध्ये 2019 च्या ऑगस्टमध्ये असंच झालं, पण तिथे जिन्यात नाग दिसल्यावर लगेच बोभाटा झाला. मोनोकल्ड कोब्रा, म्हणजे आपल्या नागाच्या फण्यावर दहाचा आकडा असतो तसा याच्या फण्यावर एकच गोल. चार घरं रिकामी केली, तीसेक माणसं बाहेर, फरशीवर पीठ टाकलं की सरपटल्याच्या खुणा उमटतील, चिकट टेप लावल्या. पाच दिवसांनी साप घराजवळच सापडला. मालकाच्या फ्लॅटमधून वीसच्या वर विषारी साप निघाले, आणि हा साप माझा नाहीच असं तो सांगत होता, तुझ्या रूममेटचा आदर्श असावा. पुढे त्या राज्याने 2021 पासून असे साप घरी नव्याने पाळायला बंदीच घातली.

तुम्ही शोधलंत तेही उलटं. चापडा झाडावरचा प्राणी, तो सोफ्याखाली कशाला जाईल? पडद्याचा रॉड, एसीची वरची बाजू, कपाटाचा माथा, वाळत घातलेले कपडे, तिथे बघायचं, तेही लांबून, टॉर्चने, आणि दिवसा तो हलतही नाही म्हणून नजर चुकते. खरं म्हणजे तुम्ही शोधायचंच नव्हतं. त्या खोलीचं दार लावायचं, खालच्या फटीत टॉवेल कोंबायचा, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि वनविभागाच्या 1926 वर फोन करायचा. लसूण, फिनाईल, गंधक यातलं काहीही शिंपडू नका, सापाला त्याने काही फरक पडत नाही, घराला वास मात्र येतो.

हे साप येतात कुठून? 2025 च्या जूनच्या सुरुवातीलाच मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात 47 विषारी साप सापडले, त्यात 44 इंडोनेशियातले चापडेच. जे पकडले गेले नाहीत ते इन्स्टावर पायथन होऊन विकले जात असणार, असं मला आता पक्कं वाटायला लागलंय. आणि समजा खरंच ट्री पायथन असता तरी सुटका नव्हती, 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात अशा परदेशी जातींची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बिल विचार, नोंदणी विचार, इन्स्टावाला ब्लॉक करतो की नाही बघ.

ओनरला सांग. आजच सांग, चौघांच्या नावाने मेसेज टाक, रूममेटला आधी कळव म्हणजे पाठीत वार केला असं त्याला वाटायला नको. डिपॉझिट गेलं तर जाऊ दे, चौघांत वाटून घ्या, किंवा साप ज्याचा त्याने भरावं, हे तुमचं तुम्ही ठरवा. अजून एक राहिलं, चापडा अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. तुमच्या सापाबद्दल वनविभागाच्या लोकांना मी विचारलंय, नर आहे म्हणाले. बाल्कनीतले कपडे आता निवांत काढ.