देवाला रक्त कशाला हवं? लेकीला पत्र

प्रिय सोनू,

तुझा मेसेज वाचला, पण याचं उत्तर दोन ओळीत मावणारं नाही म्हणून हे पत्र. तू विचारतेस की नगरची आजी आणि आपली मराठी मंडळी गुड फ्रायडेला उपास धरून दुपारभर देवळात बसतात आणि येशूच्या रक्ताने पाप धुतलं असं गातात, तर देवाला रक्त हवंच कशाला. आणि तुझ्या ज्यू मैत्रिणीला तू 'रक्ताशिवाय क्षमा नाही' असं ऐकवलंस, ती म्हणाली तुमच्या बायबलचा पहिला भाग आमचाच आहे आणि आम्हाला योम किप्पूरला, म्हणजे आमच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, रक्त लागत नाही, तेव्हापासून ती बोलत नाही.

आधी रक्ताचं. सगळे बायबलच्या लेवीय पुस्तकातलं १७:११ सांगतात, की प्राण्याचा जीव रक्तात असतो आणि ते रक्त मी तुम्हाला वेदीवर प्रायश्चित्तासाठी दिलंय. पण ते वचन मुळात रक्त खाऊ नका हे सांगायला आहे गं! तू गावच्या जत्रेत नवसाचा बोकड बघितलास, तिथे मटणाबरोबर रक्तीसुद्धा शिजते, म्हणून तुझ्या डोळ्यासमोर तेच येत असणार. इस्राएलात नेमकं तेच सक्त बंद होतं, कारण जीव देवाचा, तो आपल्या ताटात घ्यायचा नाही. आणि 'दिलंय' असं देव म्हणतो बघ, म्हणजे रक्ताला तहानलेला देव तिथे नाहीच, चुकलेल्या माणसाला परत जवळ येता यावं म्हणून त्यानेच वाट काढून दिली.

आता लेवीय १६ शांतपणे वाच, योम किप्पूरचा मूळ विधी तिथेच आहे. प्रमुख याजक आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा मारतो, त्याचं रक्त घेऊन पडद्याच्या आत, परमपवित्र जागी जातो, बोटाने दयासनापुढे, म्हणजे कराराच्या कोशाच्या झाकणापुढे, सात वेळा शिंपडतो, मग लोकांसाठी एक बकरा, त्याचंही तसंच, आणि दुसऱ्या बकऱ्याला मारतच नाहीत, त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्यांची पापं कबूल करायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं. म्हणजे पापं वाहून नेणारा बकरा तर जिवंत असतो! मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

हे सगळं दरवर्षी करायचं होतं, आणि नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र लिहिणारा तिथेच बोट ठेवतो, की बैलाबकऱ्यांच्या रक्ताने पाप जाणं शक्य नाही, ख्रिस्त स्वतःचं रक्त घेऊन एकदाच आत गेला. मिसरातून सुटकेच्या रात्री मारलेला वल्हांडणाचा कोकरा, यशया ५३ मधला मुकाट्याने वधाला नेलेला कोकरा, हे सगळं आपण येशूकडे बघून वाचतो, योहान बाप्तिस्मा करणाराही त्याला देवाचा कोकराच म्हणतो. माझा यावर पूर्ण विश्वास आहे, आजीचाही, आणि येशूच्या मरणाची आठवण म्हणून घेतात तो प्रभुभोजनाचा प्याला हातात घेताना मला अजून भरून येतं.

पण हे आपलं वाचन आहे, वधस्तंभापासून मागे वळून केलेलं. त्यावरून ज्यू माणसाला तुझी क्षमा अर्धवट असं म्हणायचा हक्क आपल्याला मिळत नाही. 'रक्ताशिवाय क्षमा नाही' हे इब्री पत्रातलंच वचन मोशेच्या नियमशास्त्राची रीत सांगतंय, आणि त्याच नियमशास्त्रात, लेवीय ५ मध्ये, ज्याला दोन पारवेही परवडत नाहीत त्याने एफाचा (धान्याचं एक जुनं माप) दहावा भाग सपीठ आणावं, तेल नाही, ऊद नाही, याजकाने त्यातलं मूठभर वेदीवर जाळावं आणि त्या माणसाला क्षमा होईल असं स्पष्ट लिहिलंय. गरिबाचं पीठ देवाला चालतं, हे प्रवचनात कोणी सांगत नाही याचं मला खूप वाईट वाटतं.

इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, वेदीच गेली. तेव्हा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, योहानान बेन झक्काई यांनी होशेय ६:६ चा, 'मला यज्ञ नको, दया हवी' या वचनाचा, आधार घेऊन सांगितलं की दयेची कृत्यं हे आपलं प्रायश्चित्त. आपल्या कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, अलिबाग-रेवदंड्याकडचे शनवार तेली (तेल गाळणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे), मराठीच बोलणारे, ते योम किप्पूरला दरफळणीचा सण म्हणायचे, दारं बंद करून, पांढरे कपडे घालून, उपास. तुझ्या मैत्रिणीला हे सांग, तिला नक्की आवडेल.

आणि होशेयचं तेच वचन येशूनेही सांगितलंय, मत्तय ९:१३ बघ. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमग्रंथात तर असं आहे की माणसाने माणसाविरुद्ध केलेलं पाप योम किप्पूरनेही फिटत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते, आणि येशू मत्तय ५ मध्ये जवळजवळ तेच म्हणतो, अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये.

रविवारी तुमच्याकडे प्रभुभोजन आहे ना, त्याच्या आधी मैत्रिणीला भेट, मेसेज नको करूस, समोर जाऊन माफी माग. ती काय म्हणाली ते मला कळव, आणि आजीला फोन कर, गुड फ्रायडेचं ते रक्ताचं गाणं कुठलं ते तीच नीट सांगेल.

तुझी,
आई