वाचकांचे प्रश्न : थ्रस्ट वॉशर पुन्हा पुन्हा का खाल्ला जातो?

प्रश्न : चार सिलिंडरची, १.६ लिटरची, टर्बो बसवलेली माझी पेट्रोल गाडी मी ४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यतींत उतरवतो. वाढलेली ताकद पेलावी म्हणून तिला कडक प्रेशर प्लेट (क्लचची चकती फ्लायव्हीलवर दाबून धरणारी थाळी) बसवली आहे. इंजिन बांधले तेव्हा क्रँकचा एंड प्ले (क्रँकला पुढे-मागे सरकायला मिळणारी मोकळीक) ०.१४ मि.मी. होता, वीसेक धावांनंतर तो ०.४१ झाला. थ्रस्ट वॉशर (क्रँकचे हे सरकणे रोखणाऱ्या चकत्या) बदलले, तरी पुढच्या हंगामात पुन्हा तेच घडले. आयडलवर क्लच दाबला की खालून ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि स्टार्ट लाइनवर कधीकधी आरपीएमचा सिग्नल तुटतो. वॉशरचा माल हलका असल्याचे आमच्या मिस्त्रींचे मत आहे. दुसऱ्या कंपनीचे वॉशर घ्यावेत का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : कंपनी बदलण्याआधी, काढलेले वॉशर फेकले नसतील तर ते टेबलावर मांडून नीट पाहा. तुमच्यासारख्या बऱ्याच इंजिनांत एका मेन बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना अर्धचंद्राकृती वॉशर असतात. त्यांतला एक पुलीकडचा आणि दुसरा फ्लायव्हीलकडचा. क्लच दाबल्यावर रिलीज बेअरिंग (पेडलने सरकणारे बेअरिंग) डायफ्रॅमच्या फिंगर, म्हणजे प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटे, फ्लायव्हीलच्या दिशेने दाबते, तो दाब सगळा क्रँकवर येतो, क्रँक पुलीकडे सरकतो आणि फ्लायव्हीलकडच्या वॉशरवर रेलतो. त्यामुळे त्या वॉशरवरचा करडा थर जाऊन खालचा तांबूस रंग उघडा पडला असेल आणि पुलीकडचा जवळपास नव्यासारखा राहिला असेल, तर दोष वॉशरच्या मालाचा नसून त्याच्यावर येणाऱ्या दाबाचा असण्याची शक्यता अधिक. (पुल टाइप क्लचमध्ये, जिथे बेअरिंग फिंगर ओढते, ही दिशा उलटते.) दोन्ही बाजू सारख्याच ओरखडल्या असतील, तर शंका तेलातील कचऱ्यावर किंवा क्रँकच्या फिनिशवर घ्यावी. तुमची दोन्ही लक्षणे पहिल्या कारणाकडे बोट दाखवतात. क्रँक सैल होऊन पुढे आपटतो म्हणून ‘टक्’ होते. आणि तुमचा सेन्सर ट्रिगर व्हीलकडे (क्रँकवरच्या दातेरी चाकाकडे) बाजूने पाहणारा असेल, तर क्रँक सरकताच दोघांतले अंतर बदलते व सिग्नल तुटतो.

आता दाबाचा हिशेब पाहू. वॉशरचा बाहेरचा व्यास ७० आणि आतला ५६ मि.मी. धरला, तर अर्ध्या कड्याचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर भरते. कडक प्लेटचा रिलीज दाब २१० किलो धरला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ३० किलो भार येतो. लाँच कंट्रोलवर (सुटण्याआधी आरपीएम ठरावीक ठेवणाऱ्या यंत्रणेवर) ५,००० आरपीएमला इंजिन धरून तुम्ही क्लच पूर्ण दाबून दिव्यांची वाट पाहता, तेव्हा त्या भाराखाली क्रँकचा थ्रस्ट फेस (वॉशरला टेकणारा सपाट भाग) वॉशरवरून सेकंदाला सुमारे १६ मीटर वेगाने घासत असतो. मेन बेअरिंगमध्ये गोल जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये बसणारा भाग) फिरताना तेलाची पाचर आपोआप तयार होते आणि जर्नल तिच्यावर तरंगतो. थ्रस्ट वॉशर मात्र सपाट असतो आणि त्याला तेल मिळते ते मेन बेअरिंगच्या कडेने निसटणारे. त्यावर आणि वॉशरवरच्या दोन-तीन खाचांवर त्याला भागवावे लागते. म्हणूनच रोजच्या वापरात लाख किलोमीटर टिकणारा वॉशर येथे वीस धावांत संपतो, याचे मला आश्चर्य वाटत नाही. त्या खाचा क्रँकच्या बाजूलाच असाव्या लागतात. वॉशर उलटा बसला तर त्या ब्लॉककडे जातात आणि तेलाची वाट बंद होते. ही चूक अनुभवी हातांकडूनही झालेली मी पाहिली आहे.

यानंतर क्लचची हायड्रॉलिक तपासा. पेडलवर पाय नसताना क्लचजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचा ब्लीड निपल (तेल व हवा सोडण्याचे तोंड) उघडा. तेल नुसते झिरपले तर ठीक. जोराने उडाले तर पेडलच्या पुशरॉडला फ्री प्ले (मोकळी हालचाल) उरलेला नाही, पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरमध्ये दाब अडकून राहतो आणि तुमचा पाय बाजूला असतानाही क्रँक ढकलला जातो. त्याचबरोबर पेडलखाली पक्का स्टॉप बसवा, म्हणजे क्लच सुटल्यावरही फिंगर आणखी दाबल्या जाणार नाहीत. शर्यतीच्या रांगेत गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पाय उचललेला असावा आणि दिव्यांपुढे गाडी लावल्यावरच क्लच दाबावा. इंजिन चालू करतानाही न्यूट्रल टाकावा, क्लच दाबू नये, कारण पहिल्या क्षणी तेलाचा दाब तयार झालेला नसतो.

एक कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वजन मागे जावे म्हणून तुम्ही बॅटरी डिकीत हलवली असेल, तर इंजिन आणि बॉडी यांच्यामधला अर्थिंगचा पट्टा जाड व घट्ट आहे ना, ते पाहा. तो कमकुवत असला, तर स्टार्टरचा करंट क्रँकमधून आणि बेअरिंगमधून वाट काढतो व वॉशरचा चेहरा धुरकट, खरबरीत होतो. मल्टिमीटरची एक टोचणी ब्लॉकला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून स्टार्टर फिरवा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर आधी तो पट्टा बदला.

हे सारे ठीक निघाले, तर क्रँक बाहेर काढणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडमध्ये असेच एक इंजिन तिसऱ्यांदा उघडले गेले. जर्नल आरशासारखे होते, पण थ्रस्ट फेसवरून नख फिरवले तेव्हा ते कानशीवरून फिरल्यासारखे खरखरले. ग्राइंडिंग करताना चाकाच्या कडेने त्या फेसवर रेघा ओढल्या गेल्या होत्या आणि पॉलिश करायचे राहून गेले होते. आम्ही तीन वेळा वॉशरला दोष दिला, तो चुकीचा होता, याची खंत मला आजही वाटते.

जोडणीच्या वेळी मेन कॅप (मेन बेअरिंगची झाकणे) हलकेच आवळून क्रँक लाकडी हातोड्याने पुढे-मागे ठोका, मग पुलीकडे ओढून धरून कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळा. एंड प्ले मोजताना डायल गेजचा काटा क्रँकच्या नाकावर सरळ रेषेत टेकवा. ब्लॉक अॅल्युमिनियमचा असेल तर चुंबकी स्टँडसाठी लोखंडी पट्टी बोल्टने बसवून घ्या. बेल्ट सैल करून क्रँक दोन्ही टोकांना तीन-तीन वेळा सरकवा. प्रत्येक धावेनंतर हे माप वहीत तारखेसह लिहून ठेवा. ०.१४ चे ०.१८ झाले त्याच दिवशी इंजिन उघडले, तर निभावते; ०.४१ पर्यंत वाट पाहिली, तर वॉशरमागचा ब्लॉकही खाल्ला जाण्याची भीती असते.

प्रश्न : थ्रस्ट फेस खाल्ला गेला असेल, तर ओव्हरसाइज वॉशर घालून एंड प्ले भरून काढता येतो का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : येतो, पण आधी फेस घासून सपाट आणि जर्नलशी काटकोनात करून घ्यावा लागतो. क्रँकशाफ्टचे मशिनिंग बेळगावात होते, तेव्हा त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. काम देताना थ्रस्ट फेसचे पॉलिशही हवे, हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्या. खरबरीत फेसवर जाड वॉशर चढवला, तर तोही तसाच खाल्ला जाईल. आणि ब्लॉकमधली वॉशरची बैठकच झिजलेली असेल, तर ती आधी मशिनवर सरळ करून घ्या आणि मगच वॉशरची जाडी ठरवा.