‘एम्सच’मधला च

डिसेंबर उजाडला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलांच्या पालकांचा एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येऊ लागतो. ‘मॅडम, मुलगी हुशार आहे, पण हट्टाला पेटलीय.’ ‘मिळत असलेली सीट सोडून ड्रॉप घेतलाय, आता पुन्हा तेच झालं तर?’ ‘त्याला म्हणावं, दिल्लीचा नाद सोड, कुठलंही सरकारी चालेल.’ गेल्या काही महिन्यांत हे इतक्यांदा ऐकलं, की एकीची गोष्ट सांगून टाकावी असं वाटलं. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव मुद्दाम देत नाही. खोटं नाव दिलं तरी आपल्याकडे लोक ‘ही कोण असेल’ हे शोधत बसतातच.

ती आली डिसेंबर २०२४ मध्ये, आईबरोबर. २०२४च्या नीटमध्ये, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत, तिला राज्यातल्या एका सरकारी कॉलेजात एमबीबीएसची जागा मिळत होती. ती सोडून तिने ड्रॉप घ्यायचं, म्हणजे वर्षभर पुन्हा तयारी करायचं ठरवलं होतं. कारण एकच, दिल्लीचं एम्स. आई खुर्चीत बसता बसता म्हणाली, “मॅडम, हिला जरा समजावा. झोप नाही, बोलणं नाही. आमचं काही म्हणणं नाही हो, ती खूश असली की झालं. पण एम्सचा हट्ट सोड म्हणावं.”

मुलगी भिंतीकडे बघत होती. मी विचारलं, “तुला काय हवंय?”

“एम्सच.”

एवढा एकच शब्द बोलली. त्यातलं शेवटचं अक्षर मला तेव्हाच खटकलं होतं, पण मी ते बाजूला ठेवलं आणि पुढच्या भेटीत एक चूक केली. मी तिला आकडे सांगत बसले. परीक्षेला बसणारे वीस लाखांवर, दिल्लीच्या एम्समध्ये जागा सव्वाशेच्या आसपास, त्याही आरक्षणानुसार विभागलेल्या, खुल्या वर्गातून पहिल्या पन्नास-साठ क्रमांकांतच दार बंद होतं, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हे सगळं मला पाठ आहे, मॅडम. तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे.”

खरंच होतं. पालकांनी हे लक्षात घ्यावं. स्पर्धा किती मोठी आहे हे मुलाला कळत नाही म्हणून ते हट्ट करतंय, असा आपला समज असतो. कोटा, कटऑफ, फेऱ्या हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. आकडे ऐकवले की त्यांना एवढंच ऐकू येतं, की तुझ्यावर आमचा विश्वास नाही. त्या दिवशी मीही आईच्याच खुर्चीत जाऊन बसले होते.

तिसऱ्या भेटीला मी तिला टेस्ट सिरीजची वही आणायला सांगितली. फार नीटनेटकी वही होती. प्रत्येक मॉकची, म्हणजे सराव परीक्षेची तारीख, तिन्ही विषयांचे गुण, चुका. काही तारखांपुढे लाल शाईने चांदणी काढलेली.

“ही चांदणी कशाची?”

“महत्त्वाच्या टेस्ट. ऑल इंडिया रँक देणाऱ्या. त्यात ७१५ यायलाच पाहिजेत असं ठरवून जाते. घरी भिंतीवर पण ७१५ लिहून ठेवलंय.”

मी तिला चांदणीवाल्या टेस्टचे गुण एका बाजूला आणि साध्या टेस्टचे दुसऱ्या बाजूला लिहायला लावले. लिहिता लिहिता ती थांबली. चांदणीवाले गुण एक अपवाद सोडला तर सगळे कमी होते. थोडेथोडके नाही, तीस-चाळीसने.

“या दिवशी काय होतं सांगशील?”

बराच वेळ गेला. मग म्हणाली, “फिजिक्समध्ये सुरुवातीलाच एखादा अडला ना, की मी हिशोब करायला लागते. हा गेला, आता ७१५. अजून एक गेला, आता ७१० झाले, म्हणजे संपलंच. मग पुढचं नीट वाचलंच जात नाही. अंदाजे गोळे भरत जाते.”

नीट ज्यांच्या घरात नाही त्यांच्यासाठी सांगते. १८० प्रश्न, प्रत्येकी ४ गुण, चुकलं तर १ वजा. म्हणजे ७२० पैकी ७१५ याचा अर्थ अख्ख्या पेपरात एकच चूक. दुसरा प्रश्न चुकला की ठरवलेलं ध्येय गणितानेच मेलं, आणि पेपरचे अडीच तास अजून शिल्लक! या मुलीने स्वतःसाठी असं ध्येय लिहून ठेवलं होतं, जे बहुतेक वेळा पहिल्या वीस मिनिटांत हातातून जाणार. उरलेला वेळ ती प्रश्न सोडवत नव्हती, निकाल पचवत होती.

मी विवेकनिष्ठ विचारसरणीने काम करते. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात ती मांडली आणि मराठीत तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तिचं सार एका वाक्यात सांगायचं तर, माणूस इच्छेने मोडत नाही, इच्छेचा हुकूम केला की मोडतो. ‘मला हवंय’ ही इच्छा, ‘मला मिळायलाच हवं’ हा हुकूम. इंग्रजीत हे समजावायला पानं खर्ची पडतात. आपल्या भाषेने मात्र त्यासाठी एक अक्षर काढून ठेवलंय. मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर ‘एम्सच’ लिहिलं आणि च भोवती गोल केला.

तिला ते लगेच कळलं, पण पटलं नाही. तिचा आक्षेप मला आजवर ऐकलेल्यांपैकी सर्वांत प्रामाणिक वाटतो. “च काढला तर मी ढिली पडेन, मॅडम. तो च आहे म्हणून मी पहाटे उठते.”

बहुतेक हुशार मुलांची हीच भीती असते. भीती काढून घेतली तर अभ्यासही जाईल, स्वतःला चाबूक मारला नाही तर आपण जागचे हलणार नाही. अशा वेळी ‘तसं काही नसतं गं’ म्हणणं निरुपयोगी. मी वहीकडे बोट दाखवलं. साध्या टेस्टच्या आदल्या दिवशी ती किती तास बसली होती? तेवढेच. पहाटे उठली होती? हो. म्हणजे तिला उठवणारी तिची ओढ होती. च फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये तिच्या शेजारी येऊन बसत होता.

ती हसली नाही. “विचार करते,” म्हणाली आणि गेली. मला वाटलं, झालं काम. झालं नव्हतं. बुद्धीला पटलं होतं, आत उतरलं नव्हतं. पुढच्या दोन भेटी कोरड्याच गेल्या.

मग जानेवारीत एक दिवस, खरं सांगायचं तर मला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून, मी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. “समज, निकाल लागलाय, प्रवेशाची फेरी सुरू झालीय. चॉइस फिलिंग कर, हव्या त्या कॉलेजांची नावं भर.”

तिने एक नंबर घातला, दिल्लीच्या एम्सचं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

“बाकीची?”

“बाकीची नकोत.”

“बरं. खऱ्या फॉर्मवर या यादीला काय म्हणतात?”

“पसंतीक्रम.”

“मग तू हे जे लिहिलंस, ते काय आहे?”

ती कागदाकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांत शिकलेली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे अशा वेळी तोंड बंद ठेवणं. रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकू येत होते. मग ती अगदी हळू म्हणाली, “अट.”

आणि रडायला लागली. डिसेंबरपासून पहिल्यांदाच.

त्या रडण्यात बरंच काही बाहेर आलं. दहावीच्या निकालापासून घरात तिला लाडाने ‘आमची एम्सवाली’ म्हणत. काका फोनवर तीच हाक मारत. सीट सोडली तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली होती, म्हणून आता कमी मिळवायचा हक्कच आपल्याला उरला नाही असं तिला वाटत होतं. आई मनापासून म्हणत होती की तिचं काही म्हणणं नाही. पण नावच असं पडलं होतं, की वेगळं म्हणायची गरज नव्हती.

त्या कागदाने मला जे दाखवलं, ते मी माझ्या पुस्तकांतून शिकले नव्हते. मी वर्षानुवर्षं फळ्यावर च काढून दाखवतेय, आणि हा रूक्ष सरकारी फॉर्म तेच जास्त चांगलं करतो. त्याच्यात च लिहायला जागाच नाही. तो विचारतो, सर्वांत जास्त काय हवंय? ते नाही तर मग काय? मग काय? तुमच्या पहिल्या इच्छेला तो कमी लेखत नाही, खुशाल वर लिहा म्हणतो. फक्त तिथे थांबू देत नाही. तेव्हापासून ड्रॉप घेतलेल्या प्रत्येक मुलाला मी निकालाच्या कितीतरी आधी हा कागद भरायला देते, आणि जरा अभिमानाने सांगते, की तो वाया गेल्याचं मला आठवत नाही.

इथे एक व्यावहारिक गोष्टही सांगायला हवी, कारण कितीतरी घरांत याबद्दल गैरसमज आहे. एम्सची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा २०२० पासून बंद झाली, तिथला प्रवेशही नीटवरच होतो. एम्सच्या जागा आणि सरकारी कॉलेजांतला पंधरा टक्के अखिल भारतीय कोटा केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीच्या, म्हणजे एमसीसीच्या फेऱ्यांतून भरतात, राज्याच्या पंच्याऐंशी टक्क्यांसाठी राज्याच्या प्रवेशपरीक्षा कक्षाचा, म्हणजे सीईटी सेलचा फॉर्म वेगळा. दोन्हीकडे तुमच्या क्रमांकाची पाळी आली की यादी वरून खाली तपासली जाते आणि मिळू शकणारं पहिलं कॉलेज दिलं जातं. म्हणून आवाक्याबाहेरचं नाव वर ठेवल्याने खालच्या नावांची संधी मुळीच कमी होत नाही. ‘सेफ राहावं’ म्हणून न आवडणारं कॉलेज वर चढवणं ही खरी घोडचूक. आणि जिथे जाणारच नाही, ते नाव यादीत घालूच नका. पुढच्या फेऱ्यांत जागा नाकारण्याचे नियम कडक असतात आणि ते बदलतात, त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा.

ती दोन आठवड्यांनी खरी यादी घेऊन आली. सत्तावीस नावं, खाडाखोड केलेली. सीनियर मुलामुलींना फोन करून तिने विचारलं होतं, ओपीडीत गर्दी किती, वॉर्डात विद्यार्थ्यांना हात लावू देतात का, हॉस्टेल कसं आहे. पहिल्या नंबरवर दिल्लीचं एम्स होतंच. ते काढायला मी कधीच सांगितलं नव्हतं. भिंतीवरचा ७१५ तिने स्वतः पुसला होता.

तो पुसला हे किती बरं झालं, ते मे महिन्यात कळलं. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही सतरा जणांना ७२० पैकी ७२० होते. ४ मे २०२५ चा पेपर मात्र असा आला, की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मिळाले. फिजिक्सने हॉलमध्ये भल्याभल्यांना रडवलं. जो आकडा कुणालाच मिळणार नव्हता, तो उराशी धरून किती मुलं त्या दुपारी आत बसली असतील, याचा विचार आला की अजूनही वाईट वाटतं. गुण पेपरवर ठरतात आणि पेपर आपल्या हातात नसतो. ती मला नंतर म्हणाली, “पहिले सहा-सात प्रश्न सोडून पुढे गेले. हिशोब करायला हात शिवशिवत होता. पण बायोलॉजी तर माझीच आहे म्हटलं, आधी ती संपवते.”

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे. पुन्हा ड्रॉप घेऊ द्यावा का? माझं मत विचाराल तर, एकदा जरूर द्यावा, मूल स्वतः मागत असेल तर. दुसऱ्यांदा मागितला तर मी त्याला विचारते, यंदा नेमकं काय वेगळं करणार? ‘जास्त मेहनत’ हे उत्तर मी धरत नाही, मेहनत आधीही होतीच. कुठल्या चुका, कुठल्या धड्यांत, त्यावर उपाय काय, हे वहीतून दाखवता आलं तर बोलू. आणि हेही विचारते, की पुढच्या जूनमध्ये हाच क्रमांक आला तर ती सीट घेशील? याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तो ड्रॉप अभ्यासासाठी नाही. तो च साठी आहे. घरच्यांनीही तोंडातले शब्द तपासावेत. ‘आमचा डॉक्टर’ म्हणून हाक मारता ना, ती आजपासून थांबवा. नावाने हाक मारा.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या वर. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, ‘माझ्यामुळे तुमचे पैसे वाया गेले’, ‘मी नसतेच तर बरं’ असं काही बोलत असेल, तर निकालाची वाट बघू नका आणि माझ्यासारखीकडे समजूत घालायला आणून थांबू नका. मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र मोफत आहे.

तिला दिल्ली मिळालं नाही. यादीतलं नववं कॉलेज मिळालं, जानेवारीत तिने स्वतःच्या हाताने लिहिलेलं. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात तिचा मेसेज आला, डिसेक्शन हॉलच्या वासाबद्दल तक्रार करणारा. मग बरेच दिवस काही नाही. मागच्या आठवड्यात पुन्हा आला:

“मॅडम, आई म्हणते आता पीजीला तरी एम्सच. तिची अपॉइंटमेंट घेऊ का?”