कनेक्शन तुटतंय, मग पासवर्ड कशाला काढलात?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. रत्नागिरीच्या एका पतसंस्थेत मी संगणक विभाग बघतो. मुख्य कार्यालयात एका मशीनवर वाइल्डफ्लाय (आमचं सॉफ्टवेअर चालवणारा सर्व्हर) आणि दुसऱ्यावर पोस्टग्रेस (डेटाबेस) आहे. पाली, लांजा, देवरुख, पावस या शाखा त्यावरच चालतात. दोन मशीनच्या मधे फायरवॉल बसवल्यापासून रोज सकाळी पहिला व्यवहार करणाऱ्याचा स्क्रीन जवळजवळ पाव तास अडकतो, मग एरर येते आणि त्यानंतर दिवसभर ठीक चालतं. वीज जाऊन आली की पहिली काही लॉगिन फसतात. मध्यंतरी पोस्टग्रेस १२ वरून १६ वर नेलं, तेव्हा ‘ऑथेंटिकेशन टाइप १० इज नॉट सपोर्टेड’ असा संदेश आला. सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये (कोणाला कसं आत घ्यायचं हे ठरवणारी पोस्टग्रेसची फाइल) सगळ्या पत्त्यांसाठी ‘ट्रस्ट’ लिहिलं आणि पूल, म्हणजे वाइल्डफ्लायने उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, २०० केला. लॉगिन सुरू झालं, पण सकाळचं दुखणं तसंच आहे. वर आता गर्दीच्या वेळी ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ येतं. पावसाळ्याची आगोट लागायच्या आत हे निस्तरायचं आहे.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पत्र वाचल्यावर सकाळच्या अडकण्यापेक्षा मला त्या ‘ट्रस्ट’ची जास्त काळजी वाटली. आज कार्यालय बंद झालं की पहिलं काम तेच करा. ‘ट्रस्ट’ म्हणजे पासवर्ड विचारायचाच नाही. ५४३२ पोर्टपर्यंत ज्याचं मशीन पोहोचतं, तो पोस्टग्रेस नावाच्या मुख्य युजरने आत येऊ शकतो आणि खातेदारांच्या ठेवींचे आकडे बदलू शकतो. मच्छी विकून, कलमं राखून साठवलेला पैसा आहे तो. एक एरर दिसेनाशी व्हावी म्हणून त्याचं कुलूप काढणं मला अजिबात पटत नाही.

तुमच्याकडे दोन वेगळे दोष एकात एक मिसळलेत. सर्व्हरपर्यंत पोहोचता न येणं हा कनेक्शनचा दोष. पोहोचल्यावर ओळख न पटणं हा ऑथेंटिकेशनचा. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि ‘ट्रस्ट’ लिहूनही सकाळ सुधारली नाही ती म्हणूनच.

आधी ओळखीचं बघू. ‘टाइप १०’ म्हणजे पोस्टग्रेस स्क्रॅम पद्धतीनं पासवर्ड मागतंय आणि तुमचा जेडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे वाइल्डफ्लायला पोस्टग्रेसशी बोलू देणारा दुवा, इतका जुना आहे की त्याला ती पद्धत येत नाही. स्क्रॅम आलं २०१७ साली, पोस्टग्रेस १० मध्ये. १४ पासून नवे पासवर्ड मुळातच त्या पद्धतीनं साठवले जातात. ड्रायव्हरमध्ये ही सोय ४२.२.० पासून आहे. वाइल्डफ्लायच्या मॉड्यूल्समधली जार फाइल बघा, नावात ९.४ वगैरे दिसलं तर तिथेच उत्तर सापडलं. नवी जार ठेवा आणि मॉड्यूल.एक्सएमएलमध्ये तिचं नाव बदलायला विसरू नका. मग अॅप्लिकेशनच्या युजरचा पासवर्ड पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-साधनातून पुन्हा एकदा द्या. १२ मधून आलेला असेल तर तो आत एमडी५ या जुन्या स्वरूपातच पडून असणार, आणि अशा पासवर्डवर स्क्रॅमचं लॉगिन होत नाही.

यानंतर पीजी_एचबीएमधली ‘ट्रस्ट’ची ओळ काढून तिथे ‘होस्ट’ हा शब्द, तुमच्या डेटाबेसचं नाव, अॅप्लिकेशनचा युजर, वाइल्डफ्लायच्या मशीनचा एकच पत्ता /३२ लावून आणि शेवटी स्क्रॅम-एसएचए-२५६, एवढंच लिहा. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळलेली पहिली ओळच धरली जाते, पुढच्या ओळी पाहिल्याच जात नाहीत. म्हणून खाली कितीही कडक नियम लिहिलेत तरी वर एखादी सैल ओळ राहिली तर ती जिंकते. फाइल रीलोड केल्यावर वाइल्डफ्लायचा पूल फ्लश करा, म्हणजे त्यातली जुनी कनेक्शनं काढून टाका. ही तपासणी फक्त नवं कनेक्शन उघडताना होते, आधीची उघडी कनेक्शनं तशीच चालत राहतात. पूल फ्लश न करता ‘चाललं’ म्हणून घरी गेलात, तर खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी काउंटरवर होईल. फ्लशनंतर जेबॉस-सीएलआय या वाइल्डफ्लायच्या कमांड-साधनातून टेस्ट-कनेक्शन-इन-पूल चालवा आणि मगच निघा.

आणखी एक. स्टँडअलोन.एक्सएमएल या वाइल्डफ्लायच्या सेटिंग फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला असेल तर तो एलिट्रॉन या त्याच्या सुरक्षा विभागाच्या क्रेडेन्शियल स्टोअरमध्ये, म्हणजे पासवर्डच्या तिजोरीत, हलवा. वाइल्डफ्लाय ११ पासून ही सोय आहे. ही फाइल बॅकअपबरोबर पेनड्राइव्हवर जाते, मेलने पाठवली जाते, आणि कोणाकोणाच्या हाती पडते याचा हिशोब राहत नाही.

आता सकाळ. तुम्ही ‘पाव तास’ लिहिलंत ते बरं झालं, रोगाची खूण तीच आहे. रात्री कोणी काम करत नाही, पूलमधली कनेक्शनं नुसती पडून असतात. फायरवॉल काही वेळाने अशी निष्क्रिय कनेक्शनं आपल्या यादीतून काढून टाकते, पण दोन्ही टोकांना कळवत नाही. सकाळी वाइल्डफ्लाय तेच मेलेलं कनेक्शन क्लार्कच्या हाती देतो. लिनक्स पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि त्याच्या मूळ सेटिंगनुसार साधारण १५ मिनिटांनी हात टेकतो. ड्रायव्हरचा सॉकेट-टाइमआउट मुळात शून्य असतो, म्हणजे तोही कितीही वेळ वाट बघायला तयार. लिनक्सचं कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे ना याची अधूनमधून चौकशी) मदतीला येईल असं वाटतं, पण त्याची पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. शिवाय ड्रायव्हरमध्ये ते मुळात बंदच असतं.

फायरवॉल सांभाळणाऱ्याला विचारा की निष्क्रिय कनेक्शन किती मिनिटांनी काढलं जातं. डेटासोर्सचा (वाइल्डफ्लायमधल्या डेटाबेस-जोडणीच्या सेटिंगचा) आयडल-टाइमआउट-मिनिट्स त्या आकड्याच्या निम्म्याहून कमी ठेवा आणि मिन-पूल-साइज शून्य करा, म्हणजे रात्री पूल आपोआप रिकामा होईल. सकाळी नवं कनेक्शन उघडायला जो वेळ जाईल तो कोणाच्या लक्षातही येणार नाही. कनेक्शनच्या यूआरएलमध्ये टीसीपी-कीपअलाइव्ह चालू करा आणि सॉकेट-टाइमआउटही द्या, मात्र तुमच्या सगळ्यात लांबलेल्या रिपोर्टला लागतो त्यापेक्षा जास्त. नाहीतर वर्षअखेरीचा ताळेबंद मधेच तुटेल.

वीज गेल्यानंतरच्या लॉगिनसाठी व्हॅलिडेट-ऑन-मॅच चालू करा आणि पोस्टग्रेससाठीचा व्हॅलिड-कनेक्शन-चेकर लावा. डेटाबेसचं मशीन पुन्हा सुरू झालं की जुन्या कनेक्शनला ते लगेच नकार देतं. चेकर तो नकार ओळखतो, मेलेलं कनेक्शन फेकतो आणि क्लार्कला चांगलं देतो. हे चालू केलंत की बॅकग्राउंड-व्हॅलिडेशन बंद ठेवा, दोन्ही एकत्र लावू नयेत.

राहिला पूल. पोस्टग्रेसची मॅक्स-कनेक्शन्स मुळात १०० असतात, त्यातली ३ मुख्य युजरसाठी राखीव. तुम्ही २०० मागता, ‘टू मेनी क्लायंट्स’ येणारच. दाभोळच्या धक्क्यावर गर्दी झाली म्हणून फेरीबोटी वाढवल्या, पण पलीकडे धोपाव्याचा धक्का तेवढाच राहिला, तर बोटी खाडीत उभ्या राहतील. तसंच हे. मॅक्स-पूल-साइज पुन्हा २० करा, वाइल्डफ्लायची मूळ किंमतही तीच आहे. डेटासोर्सची स्टॅटिस्टिक्स चालू करा आणि गर्दीच्या दिवशी मॅक्स-यूज्ड-काउंट बघा. तो २० ला टेकत असेल आणि लोक ताटकळत असतील तरच थोडं थोडं वाढवा.

पण मला संशय दुसऱ्या गोष्टीचा आहे. चार शाखा आणि मुख्य कार्यालय मिळून एका क्षणी शंभर व्यवहार चालू असणं मला शक्य वाटत नाही. मग कनेक्शनं संपतात कशी? बहुधा कुठल्यातरी रिपोर्टचा कोड कनेक्शन घेतो आणि एरर आली की परत करत नाही. संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर इन-यूज-काउंट, म्हणजे वापरात असलेल्या कनेक्शनांचा आकडा, बघा. तेव्हाही तो शून्यावर येत नसेल तर गळती नक्की. सॉफ्टवेअर देणाऱ्यांकडे तो आकडा घेऊन जा आणि कोडमध्ये ट्राय-विथ-रिसोर्सेस (एरर आली तरी कनेक्शन आपोआप परत करणारी जावाची रचना) मागा. जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून ते उपलब्ध आहे, त्यामुळे ‘होत नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

प्रश्न : आमच्या हॉस्टेलच्या वाइल्डफ्लाय सर्व्हरचं अॅडमिन कन्सोल मला मालवणहून घरबसल्या उघडायचं आहे. ९९९० पोर्ट इंटरनेटवर मोकळं करू का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : नको. वाइल्डफ्लाय ते पोर्ट फक्त स्वतःच्या मशीनपुरतं, १२७.०.०.१ वर उघडतो, आणि ते तसंच राहू द्या. त्या कन्सोलमधून कोणीही नवं अॅप्लिकेशन चढवू शकतो, म्हणजे सर्व्हर त्याच्या ताब्यात गेल्यासारखाच. एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिनची पद्धत) वापरून चावीने लॉगिन करा आणि ९९९० चा बोगदा आपल्या लॅपटॉपवर काढा. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:९९९० लिहिलंत की कन्सोल घरी उघडेल. अॅड-यूजर स्क्रिप्टने प्रत्येकासाठी स्वतंत्र मॅनेजमेंट युजर करा. ‘अॅडमिन’ नावाचं एकच खातं चौघांत वाटून वापरू नका, नाहीतर एखादी सेटिंग कोणी बदलली हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही.